इथे मतं मागायची नसतात

होलिस वेदरबी यांचा हात त्यांच्या आधी पोचायचा. नेब्रास्कातल्या बियाण्यांच्या दुकानापासून थेट सिनेटपर्यंत ते या हाताच्या जोरावर गेले होते. दिसेल त्याच्याशी हस्तांदोलन आणि मागेल त्याला "झालंच समजा!" मग एका निवडणुकीत ते थोडक्यात आपटले आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांना राजदूत करून लाओसच्या राजधानीत, व्हिएन्तियानला पाठवलं. हरलेला माणूस इतका खुशीत कसा, हे त्यांची दुभाषी सुकसावन हिला कधीच कळलं नाही.

"सर, इथे हात जोडायचे," ती रोज सांगायची. ते जोडायचे, आणि मग समोरच्याचे जोडलेले हातच धरून हलवायचे!

त्या दिवशी फोन्सावनजवळच्या एका गावात सगळे त्यांच्या मनगटावर पांढरे दोरे बांधायला जमले होते. दोरा बांधताना जे बोललं जातं, ते पाळावंच लागतं. म्हणून त्या वेळी कोणी उगाच काही बोलत नाही. बुआली आजींनी दोरा मनगटाभोवती घेतला, पण गाठ काही मारेनात.

"साहेबाला विचार ग पोरी, शाळेमागच्या मैदानातले तुमच्या विमानांनी टाकलेले बॉम्ब कधी काढणार? माझं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून पडलेत. पोरं बिचारी धोक्याच्या दोरीच्या अलीकडे खेळतात, पण चेंडूला कुठे दोरी कळते?"

सुकसावनने इंग्रजीत सांगितलं. शेजारी बसलेल्या उपराजदूत प्रेन्टिसबाई घाईघाईने कुजबुजल्या, "विचार करू म्हणा, सर. फक्त विचार करू!"

"शाळा उघडायच्या आत!" होलिस गरजले. "माझा शब्द!"

 'साहेब प्रयत्न करतील' असं म्हणून सुकसावनला वेळ मारून नेता आली असती. साहेबांना लाओ भाषा येतेय कुठे! पण आजी दोरा धरून तिच्याच तोंडाकडे बघत होत्या. तिने होतं तसं सांगून टाकलं. आजींनी गाठ मारली आणि गावाने एकच गलका केला.

गाडीचं दार लागलं मात्र, प्रेन्टिसबाई फुटल्याच. "सर, ही काय प्रचारसभा होती?"

"अहो, म्हातारीने विचारलं हो..."

"तुम्ही 'मी' म्हणालात, त्यांनी 'अमेरिका' ऐकलं! इथे मतं मागायची नसतात!"

"सुकसावन, तू तरी माझ्या बाजूने बोल."

"सर, बॉम्ब काढणारी पथकं मोजकीच आहेत. हे गाव मध्ये घुसवलं, तर पलीकडच्या गावाचा नंबर जाईल. तिथेही पोरं आहेत."

होलिस मनगटावरचा दोरा चाचपत राहिले. 

म्हणजे नवं पथकच हवं होतं. त्याचा निधी मंजूरही होता, पण सिनेटमधला एक जण अडून बसला की असा निधी महिनोन्महिने लटकतो. अडून बसला होता ग्रेडी टॉलिव्हर, होलिस यांचा जुना वैरी.

"मीपण असंच लटकवायचो," फोन लावता लावता होलिस म्हणाले. "काय मजा यायची!" मग मैदान आठवलं असावं, कारण त्यांनी जीभ चावली.

"काय रे होलिस, आहेस अजून?" फोनमधून खो खो हसू आलं.

"ग्रेडी, तो निधी सोड. शाळेचं मैदान आहे रे."

"सोडतो की! आधी म्हण, धरणाच्या बाबतीत ग्रेडी बरोबर होता. मोठ्याने हं, माझी सगळी माणसं ऐकतायत."

होलिस कानापर्यंत लाल झाले. त्या धरणाला विरोध करून तर त्यांनी सगळ्या निवडणुका लढवल्या होत्या! त्यांनी डोळे मिटले. "धरणाच्या बाबतीत ग्रेडी बरोबर होता."

"ऐकू नाही आलं."

ते पुन्हा म्हणाले. सुकसावनने खिडकीबाहेर बघितलं. तिला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली.

पथक आलं. पण जमिनीतून इतके बॉम्ब निघत राहिले, की शाळा उघडली तेव्हा जेमतेम अर्धं मैदान मोकळं झालं होतं. प्रेन्टिसबाईंनी 'काम झपाट्याने पुढे जात आहे' असं झकास भाषण लिहून दिलं होतं. होलिस यांनी ते घडी करून खिशात घातलं.

"अर्धंच झालं, आजी," ते म्हणाले. "शब्द पुरा झाला नाही. चूक माझी, हिची नाही."

बुआली आजींनी सुकसावनकडे रोखून बघितलं. "नीट सांगतेयस ना ग? मग विचार, उरलेलं कधी?"

सगळं गाव कान टवकारून उभं होतं. होलिस यांनी तोंड उघडलं, मिटलं, मैदानाकडे बघितलं.

"मला माहीत नाही."

इतकी वर्षं दुभाषी होती सुकसावन, पण कुठल्याही साहेबाचं हे वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिने ते अगदी मोठ्याने, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं सांगितलं.

 आजींनी चिकट भाताची टोपली पुढे सरकवली.

"खरं बोलतोय मेला. बसव त्याला जेवायला."