साहेबांच्या अंगणातली शांतता

"रेवाला खाली उतरव. एवढी घोडी झाली तरी कडेवर," गाडीचं दार लावत रुचिर पुटपुटला. "आणि ट्रम्पेट थांबलं की दोन मिनिटं चूप. एकदम चूप."

"तीन वर्षांचं पोर आहे ते. त्याला काय कळतंय?"

"तुला कळतंय ना? मग झालं. अख्ख्या इंडियन स्टाफमधून साहेबांनी आपल्यालाच बोलावलंय. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय, विद्या. त्यांची सही नाही झाली तर खलास. बॅगा भरायच्या आणि पुण्याला जायचं."

विद्याने मान हलवली. महायुद्धात गेलेल्यांसाठी साहेबांसारखे डच लोक चार मेच्या संध्याकाळी असे गप्प उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी जर्मनांच्या तावडीतून सुटल्याचा सण करतात, हे तिने दुपारीच वाचून ठेवलं होतं. आपल्याकडून चूक नको.

अंगणात झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता. ट्रम्पेट थांबलं तशी माणसं जागच्या जागी खिळली. लांब ओमानच्या सोहार बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

सगळ्यांच्या माना खाली. विद्याची नजर लेकीवर. रेवा खाण्याच्या टेबलाशी उभी होती, मुठीत द्राक्षं, एक गाल फुगलेला. बघता बघता तिचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

विद्या झेपावणार तोच रुचिरची बोटं तिच्या मनगटात रुतली. "थांब. खोकेल ती."

आणि विद्या थांबली. रेवाचे ओठ निळसर पडेपर्यंत थांबली.

मग हात हिसडून ती धावली. वाटेतली खुर्ची कोसळली. पोरीला मांडीवर पालथी घालून तिने पाठीत थापा मारल्या, तेव्हा कुठे अख्खं द्राक्ष फरशीवर पडलं आणि रेवाने टाहो फोडला. साहेबांची बायको पाणी घेऊन धावत आली.

"सॉरी सर," मागे रुचिर म्हणत होता, "माय वाइफ... जरा नर्व्हस टाइप आहे."

साहेबांनी त्याच्याकडे पाठ फिरवून पडलेली खुर्ची उचलली.

परतताना तो गाडीत म्हणाला, "दोन मिनिटं कळ काढता आली नाही तुला."

"काढली की," विद्या म्हणाली. "तुझ्यासाठी काढली."

दुसऱ्या संध्याकाळी डचांच्या लाडक्या नारिंगी रंगाचा टी-शर्ट घालून तो एकटाच सणाला गेला. 'बायकोला बरं नाही' असं सांगणार होता. विद्याने वरणभात मिक्सरमध्ये घातला आणि अगदी पातळ पेज होईपर्यंत फिरवला.

"मम्मा, आय ॲम नॉट अ बेबी," रेवाचा आवाज अजून घोगराच होता.

"हो गं बाई," असं म्हणून विद्याने पुन्हा बटण दाबलं.