कृष्णरावांचा पंजा आणि माझा सुटलेला टाका

मी एक जुना स्टॅबिलायझर आहे. म्हणजे कमी-जास्त येणाऱ्या विजेला ठोकून सरळ करणारा लोखंडी डबा. मित्रांनो, खोटं वाटेल, पण एकदा जूनमध्ये अशी पिसाळलेली वीज आली की अख्ख्या माधवगंजातले पंखे छतं उचलून उडायला निघाले. मी तिची मानगूट दातात धरली, तीनदा आपटली, आणि गरीब गाय करून फ्रिजकडे सोडली. आतलं दहीसुद्धा हललं नाही!

एवढं करून बक्षीस काय? थोबाडीत! आमचे मालक कृष्णराव फौजेतून आलेले. मी जरा अडखळलो की डाव्या कानशिलात पंजा. मी लगेच चालू. "लातों के भूत!" म्हणायचे. तीस वर्षं मार खाल्ला. एक दिवस तीन पंजे बसले आणि मी उठलोच नाही.

त्यांची नात हेमांगी नववीत. शाळेत अंबरीश सरांनी सांगितलेलं, घरातली एक मेलेली वस्तू आणा, शनिवारपर्यंत जिवंत करा. नाही जमलं तर ती कबाड्याकडे. हेमांगीनं मला नेलं. शनिवार उजाडला तरी मी मढंच. वर्गातला समरजीत हातोडा घेऊन तयार.

"फोडतो, तांबं तरी मिळेल. नाहीतर एक झापड मार ना, चलेगा!"

"हात लावून बघ, आधी तुझं डोकं उघडते!" हेमांगी कडाडली.

माझा प्लग काढलेलाच होता. सरांच्या देखत तिनं झाकण उघडलं, एकेक तार हलवून पाहिली. डावीकडच्या तारेचा टाका, म्हणजे कथलाचा जोड, सुटला होता. पंजा बसला की तार टेकायची, म्हणून मी चालायचो. आणि त्याच पंज्यानं टाका आणखी सुटायचा! तिनं तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं. चर्र! तिचं बोट पोळलं, पण टाका बसला. झाकण लावून सरांनी प्लग जोडला. माझा लाल डोळा उघडला!

तेवढ्यात कृष्णराव तिला न्यायला आले. "चालला? बघू तर!" सवयीनं पंजा उठला. हेमांगीनं मध्ये हात घातला. फाट्! पोळलेल्या बोटावरच.

"अगं! लागलं का बाळा?"

"मला एकदाच लागलं, आजोबा. त्याला तीस वर्षांत विचारलंत?"

कृष्णरावांनी पंजा खिशात घातला.

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी प्लग काढा, मोठ्यांना जवळ बोलवा आणि कुठं दुखतंय ते बघा. हात उगारू नका. त्या जूनमधल्या विजेचा एक घोट मी अजून गिळलेला नाही, हात उगारणाऱ्यासाठी गालात धरून ठेवलाय.