लावायची का शिजवायची?

कळमनुरीच्या नांदेड रस्त्याला 'पार्वती मंगल कार्यालय' आहे. पाटीवर नाव पार्वतीबाईंचं, किल्ल्याही त्यांच्याच कमरेला. पण महिन्याभरापासून तारीख लिहायचा अधिकार त्यांना उरला नव्हता.

मुलानं, विश्वंभरनं, बुकिंगचं सॉफ्टवेअर आणलं होतं. घरचे धंदे दोन: एक हॉल, आणि दुसरे शेतावर नेऊन हळद शिजवून देणारे कुकर. हॉलचा विभाग सुनेकडं, कोमलकडं, कुकरचा विश्वंभरकडं. एकाच्या कामात दुसऱ्याची लुडबूड नको म्हणून नवराबायकोला एकमेकांचं काही दिसत नसे. पार्वतीबाईंना दोन्ही दिसे, पण बोट लावलं की अक्षरं उमटत: 'आपल्याला फक्त पाहण्याची परवानगी आहे.'

"वीस वर्षं वहीत तारखा म्याच लिहिल्या. एक तरी लग्न दुसऱ्यावर आदळलं का?"

"माय, वहीला पासवर्ड नसतो," विश्वंभर म्हणाला.

"म्हणून तर ती उघडते, बाबा."

मग त्या पाहू लागल्या. दुपारी चष्मा लावून, मोबाइल हातभर लांब धरून दोन्ही विभाग ओळीनं वाचायच्या. अकरा मार्चला एका नावाशी अडखळल्या. कोमलकडं होतं: 'शेषराव, शिरड शहापूर. पंधरा तारीख. मुलीचं लग्न.' विश्वंभरकडं होतं: 'शेषराव, शिरड शहापूर. चौदा तारीख, सकाळी सात. हळद.'

"अरे, शेषरावाच्या रानात सगळा ऊस हाय," त्या मुलाला म्हणाल्या. "त्याच्याकडं हळद कुठून आली?"

"लावली असंल यंदा. 'हळद हाये, सकाळी लवकर पायजे' म्हणला फोनवर. तू काहून माझ्या विभागात बोट घालून राहिली?"

"बोट न्हाई घातलं. नजर घातली. तेवढीच परवानगी हाय."

शेषरावला फोन करून विचारता आलं असतं. त्यांनी केला नाही. मात्र कोमल चौदाचा रिकामा हॉल एका शिवणक्लासच्या कार्यक्रमाला द्यायला निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "चौदाला हॉलची किल्ली सापडणार न्हाई."

"कमरेलाच तर हाये, आत्याबाई!"

"चौदाला न्हाई सापडणार."

कोमलनं शिवणक्लासला सोळा तारीख दिली. तेराला पार्वतीबाईंनी हॉल झाडून घेतला.

चौदाला सकाळी साडेसातला त्यांचा फोन वाजला. शेषराव होता.

"वहिनी, तुमच्या पोरानं माझ्या दारात हे मोठमोठे कुकर आणून उभे केले! अवं, पोरीला हळद लावायची हाये, शिजवायची न्हाई!"

मागून कुणी बाई ओरडली, "नवरी कोणच्या कुकरात बसवायची, इचारा!" आणि हशा उसळला. शेषराव मात्र हसला नाही. त्याचा आवाज खाली आला. "हळदीला आजचा हॉल सांगितलता, अन् कोमलबाई म्हणतात, उद्याचाच लिहिलाय. दीडशे पाव्हणे घेऊन जाऊ कुठं?"

"इकडं या. हॉल झाडलाय, पाट मांडलाय."

"व्हय?" त्यानं मोठा श्वास सोडला. "अन् ह्या कुकरांचं काय करू?"

"आलेच हायेत तर पाव्हण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवून घ्या."

दुपारी विश्वंभर परतला तो कानापर्यंत पिवळा होऊन. शेषरावच्या घरच्या बायकांनी त्याला सोडलं नव्हतं. त्यानं आईचा मोबाइल घेतला, दोन-चार ठिकाणी बोट टेकवलं आणि परत दिला. "घे. दोन्ही विभाग. लिही, खोड, काय करायचं ते कर."

पार्वतीबाईंनी कोमलला शेजारी बसवून एकच बदल करून घेतला.

दुसऱ्या दिवशी विश्वंभर एका बुकिंगपाशी अडला. 'हळद' लिहिताच खाली प्रश्न उगवला होता आणि उत्तराशिवाय पान पुढं सरकेना. त्यानं आईकडं पाहिलं. मग निमूटपणे फोन लावला.

"मामा, ते... लावायची का शिजवायची?"

पलीकडचा माणूस बराच वेळ हसत होता. पार्वतीबाईंना आता सगळी परवानगी होती. पण त्या नुसत्या पाहत बसल्या होत्या.