येतो गं

अर्जावर एक रकाना होता, 'सोबतच्या मदतनिसाचे नाव'. शिवणमावशींनी तो तीन दिवस कोरा ठेवला आणि चौथ्या दिवशी तिथे 'घोडी' असं लिहून टाकलं. वर घोड्याच्या नावापुढेही 'घोडी'च लिहिलेलं होतं. घोड्यांच्या प्रदर्शनाच्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वाद घालण्यापेक्षा शिक्का मारणं सोपं म्हणून मारला.

तिला दुसरं नाव नव्हतंच. मावशींचे यजमान बेकरीची पावाची गाडी हाकायचे आणि ही ती गाडी ओढायची. बेकरीने व्हॅन घेतली तेव्हा गाडी भंगारात गेली. घोडीही त्याच वाटेला लागणार असं दिसल्यावर यजमान तिचं दावं धरून तिला घरी घेऊन आले. "पाहुणी आहे, दोन दिवस राहील," म्हणाले. त्या दोन दिवसांना सहा वर्षं झाली. मध्ये यजमान गेले, त्यालाही तीन वर्षं झाली. पाहुणी राहिली. पुढच्या खोलीत मावशी लोकांच्या पँटी आखूड करायच्या, मागच्या शेडमध्ये घोडी चारा चघळायची, आणि दिवसाकाठी दोघींचं जेवढं बोलणं व्हायचं तेवढं मावशींचं दुसऱ्या कोणाशी होत नसे. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईशी लोक फार बोलत नाहीत.

आता शेड पडणार होती. घरमालकाला तिथे मोटारी लावायला जागा हवी होती. मावशींच्या गुडघ्यांनीही संप पुकारला होता आणि मुलगी कधीपासून म्हणत होती, माझ्याकडे राहायला ये. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. "आई, लिफ्ट सहा माणसांची आहे," ती फोनवर म्हणाली, "आणि ती एकटीच सहा माणसांची आहे." मावशी हसल्या आणि फोन ठेवला. एक व्यापारी घोडी पाहून गेला. त्याने दात पाहिले नाहीत, खूर पाहिले नाहीत, नुसती मांडीवर थाप मारून पाहिली. मावशींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

राहता राहिली रपेट शिकवणाऱ्या शाळेची मास्तरीण. तिच्याकडे पायांनी अधू असलेली मुलं यायची. त्यांना घोड्यावर चढायला दहा मिनिटं लागायची, उतरायला पंधरा. तिने फोनवर सरळच सांगितलं, "मला धावणारी नको, उभी राहणारी हवी. रविवारच्या प्रदर्शनात उभं राहण्याची स्पर्धा आहे. दावं जमिनीवर टाकायचं, वीस पावलं लांब जायचं, दोन मिनिटं. गर्दीत उभी राहिली तर मी घेते. नाही राहिली तर मग मला गळ घालू नका, मला नाही म्हणायला जड जातं."

मावशी बरं म्हणाल्या. घोडी उभी राहते हे त्यांना ठाऊक होतं. कशाने उभी राहते हेही ठाऊक होतं, आणि अडचण तिथेच होती.

मुलगी टेम्पो घेऊन येणार होती. शनिवारी दुपारी तिचा फोन आला, दुकानात मालाची तपासणी निघाली होती. समोरचा सुतार निदान दावं धरायला येतो म्हणाला होता, तर त्याची कंबर धरली. मावशींनी दोघांनाही 'असू दे' म्हटलं. 'असू दे' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुठल्याही मापाला बसायचं.

रविवारी उजाडताच दोघी चालत निघाल्या. नऊ किलोमीटर. मावशींच्या एका हातात दावं, दुसऱ्या हातात बादली, खांद्याच्या पिशवीत खरारा, फडकं आणि दोघींसाठी पाव. रस्ता रिकामा होता, दोन-अडीच तासांत पोचू असा हिशेब होता. पण तो रस्ता घोडीचा जुना. बेकरीची गाडी याच दारांवरून फिरायची. औषधांच्या दुकानापाशी घोडी थांबली. पुढे शिक्षकांच्या चाळीपाशी थांबली. मावशींनी दावं ओढून पाहिलं, गोंजारून पाहिलं. यजमानांना पाव पोचवून यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ घेऊन ती आपली आपण निघायची. हिरव्या दाराच्या इमारतीपाशी सगळ्यात जास्त थांबली, कारण तिथलं गिऱ्हाईक चौथ्या मजल्यावर होतं. सायकलला कुलूप लावणाऱ्या एका माणसाने विचारलं, कोणाला शोधताय का? मावशी म्हणाल्या, नाही, तिचं होऊ दे.

यजमानांची पद्धत अशी होती : गाडीवरून उतरलं की घोडीच्या मानेवर दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं, "येतो गं." परत आलं की, "आलो." या दोन शब्दांच्या मध्ये घोडी म्हणजे खांब. बँड वाजो, कुत्री भुंकोत. निघताना 'जातो' कोणीच म्हणत नाही, सगळे 'येतो'च म्हणतात, पण माणसं ते नुसतं म्हणतात. घोडीने ते खरं धरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी यजमानांना स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "येतो गं." दारात मावशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या खांद्यामागून, शेडच्या फाटकातून, घोडीने डोकं बाहेर काढलं होतं. ते कोणाला म्हणाले हे मावशींना अजून कळलेलं नाही. घोडीचा मात्र काही घोळ झाला नाही. ती दीड दिवस फाटकाशी उभी राहिली, चाऱ्याला तोंड लावलं नाही. शेवटी तिचे पाय लटपटायला लागले तेव्हा मावशींनी तिला ओढून आत नेलं. 'आलो' म्हणायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी जीभ वळली नसती. तेव्हापासून शेडच्या आसपास त्यांनी तो शब्द येऊ दिला नव्हता. एखादं गिऱ्हाईक 'येतो मावशी' म्हणून उठलं की त्या शिलाई मशीन जोरात चालवायच्या.

मैदानावर पोचायला साडेनऊ झाले. जिकडे तिकडे घोडे वाहून आणणाऱ्या गाड्या, त्यांच्या सावलीत घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांत आजोबा. एकेका घोड्यामागे चार-चार माणसं : एक धरणारा, एक पुसणारा, एक फोटो काढणारा आणि एक नुसताच सूचना करणारा. मावशींच्या लक्षात आलं की एकट्या माणसाला इथे काहीही करता येत नाही. घोडी एकटी सोडायची नाही, असा फलक होता. नंबर मिळायची खिडकी दोरीच्या पलीकडे, आणि दोरीच्या पलीकडे घोडा न्यायचा नाही, असा दुसरा फलक. दोन्ही फलकांच्या मध्ये मावशी पाऊण तास उभ्या राहिल्या. शेवटी कारकून चहाला उठला तेव्हा त्याने जाता जाता त्यांचा नंबर हातात दिला आणि म्हणाला, "मदतनिसाला पाठवायचं ना." मग त्याला अर्ज आठवला असावा. तो घोडीकडे बघून हसला.

नंबर कापडी होता, एकतीस, पाठीवर बांधायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीची मापं घेतलेल्या बाईला स्वतःच्या पाठीवर गाठ मारता येईना. त्यांनी नाड्या पुढे घेऊन टाचण्यांनी अडकवल्या. नंबर तिरका बसला. तो तिरका आहे हे सांगणारंही कोणी नव्हतं, ते त्यांना एका मोटारीच्या काचेत दिसलं. घशाला कोरड पडली होती, आणि त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे त्यांना सकाळपासून मोरीला जायचं होतं. शेजारच्या गाडीतल्या बाईंना त्यांनी विचारलं, पाच मिनिटं दावं धराल का. बाई भल्या होत्या, पण त्यांचा घोडा लाथा झाडतो म्हणाल्या. एक शब्द म्हटला असता तर घोडी तिथेच उभी राहिली असती आणि मावशी खुशाल जाऊन आल्या असत्या. त्या गेल्या नाहीत. तेवढ्यासाठी तो शब्द खर्चायचा नव्हता.

दुपारी उभं राहण्याची स्पर्धा लागली. सहा घोडे रिंगणात गेले. कठड्यापाशी मास्तरीण उभी होती, ठेंगणी, उन्हाने रापलेली, हाताची घडी घालून. मावशींना तिने मानेनेच ओळख दिली.

शिट्टी झाली. मावशींनी दावं जमिनीवर सोडलं, "थांब," म्हणाल्या आणि निघाल्या. चार पावलांवर मागून खुरांचा आवाज आला. घोडी त्यांच्यामागून येत होती. तीन वर्षं शेडमध्ये ती तशीच त्यांच्यामागून यायची. लोक हसले, वाईट नाही, पण हसले. पंच म्हणाला, नियमाप्रमाणे आणखी एकदा, मग बाहेर. मास्तरणीने हाताची घडी सोडली होती.

मावशींनी घोडीला जागेवर आणलं. मानेवर दोन बोटं टेकवली. घोडीचे कान पुढे आले.

"येते गं," मावशी म्हणाल्या.

कान मागे पडले. घोडीने हा शब्द ऐकलाच नव्हता कधी. मावशींना तेव्हा कळलं, बायकांच्या तोंडचं चालायचं नाही, शब्द जसा होता तसाच लागेल. शेदीडशे माणसं बघत होती. मावशींनी घसा खाकरला आणि खालच्या, जाड आवाजात म्हणाल्या, "येतो गं."

घोडी खांब झाली.

मावशी वीस पावलं गेल्या आणि वळल्या. दुसऱ्या मिनिटाला ध्वनिक्षेपक खरखरला, एक काळा घोडा उसळून मालकाला ओढत बाहेर गेला. कोणाची तरी छत्री उडून रिंगणात आली आणि घोडीच्या पायांपाशी लोळली. घोडी मावशींकडे बघतही नव्हती. ती त्यांच्या पलीकडे, मैदानाच्या फाटकाकडे बघत होती. ते ओळखल्यावर मावशींना ती दोन मिनिटं फार लांब वाटली.

शिट्टी झाली. बाकीचे घोडे हलले, ही हलली नाही. मावशी गुडघे सांभाळत परत आल्या, मानेवर हात ठेवला. या वेळी आवाज आपोआपच जाड निघाला.

"आलो."

घोडीने लांब श्वास सोडला आणि कपाळ मावशींच्या छातीवर, तिरक्या नाड्यांवर टेकवलं. टाचणी टोचली असणार. तिने काही मनावर घेतलं नाही.

मास्तरीण म्हणाली, घेते. वर म्हणाली, आजच नेते, ट्रकमध्ये एक जागा रिकामी आहे, तुम्हाला परत एवढं चालायला नको. मावशींच्या मनात महिनाअखेर होती, शेड पडायला अजून अकरा दिवस. पण घोडीचे पाय दमलेले दिसत होते आणि शाळा उलट दिशेला होती. "असू दे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मास्तरणीच्या हातात दावं दिलं, आणि पहिलं काय केलं तर मोरीला जाऊन आल्या.

ट्रकच्या फळीपाशी त्यांनी मास्तरणीला समजावून सांगितलं. "उभी करायची तर म्हणायचं, येतो गं. येते नाही. येतो."

"मी बाईमाणूस," मास्तरीण म्हणाली.

"तिला चालतं. आणि म्हटलं की परत यायचं, आलो म्हणायचं. विसरायचं नाही."

"विसरलं तर?"

"तर ती उभी राहील."

मास्तरणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. वहीत लिहून घेतलं, दोन्ही शब्द, पुल्लिंगी.

घोडी फळी चढून आत गेली. मावशींनी फटीतून हात घालून तिच्या नाकावर ठेवला. "जाते गं," म्हणाल्या.

"अहो, असं म्हणू नये," मास्तरीण म्हणाली. "येते म्हणावं."

"तुम्हाला म्हणते की. येते हं. तिला नको, ती खरं धरते."

ट्रक निघाला तेव्हा घोडी आत चारा खात होती. कोणी तिला वाट बघायला सांगितलं नव्हतं.

परत निघाल्या तर खांद्यावर पिशवी, हातात रिकामी बादली. चालणं आता झपझप व्हायला हवं होतं. पण शिक्षकांच्या चाळीच्या कितीतरी अलीकडे, हिरव्या दारापाशी, मावशी थांबल्या. का थांबल्या ते त्यांना थांबल्यावर कळलं. भिंतीकडेने उभ्या होत्या, रस्त्याच्या बाजूला एका घोडीपुरती जागा सोडून. सकाळचाच माणूस सायकल लावत होता.

"सकाळी शोधत होतात ते भेटले का?" त्याने विचारलं.

"इथे राहत नाहीत ते," मावशी म्हणाल्या.

"अरेरे." त्याने कुलूप लावलं, पिशवी उचलली. "बरं, येतो मावशी."

आणि तो हिरव्या दारातून आत गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिना चढत गेला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. वर कुठेतरी दार उघडलं, कोणीतरी काहीतरी विचारलं, दार लागलं. मावशी उभ्याच होत्या. समोरच्या दुकानदाराने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. चौथ्या मजल्यावर पाव देऊन उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला, त्याहून थोडा जास्तही झाला.

मग त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली आणि निघाल्या.