शून्य फॅटची बाटली

"शून्य पॉइंट शून्य!" डेअरीच्या भोंग्यातून आवाज आला आणि रांगेतल्या तीसेक किटल्या जागच्या जागी थबकल्या. "फॅट शून्य पॉइंट शून्य. कोण हा महात्मा? पुढं या."

हा आवाज फॅटमास्तरचा. दूध तपासायचं मशीन त्याच्या ताब्यात, आणि भोंगाही. खिडकीत ठेवलेली बाटली उचलायची, मशीनची नळी तिच्यात बुडवायची, पडद्यावरचा आकडा गावाला ऐकवायचा आणि उरलंसुरलं बादलीत ओतायचं, एवढंच त्याचं काम. ते तो अकरा वर्षं इतक्या निष्ठेनं करत होता की बाटलीत काय आहे हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. आकडा दिसत असताना दूध कशाला बघायचं?

"शून्य?" रांगेत सगळ्यात पुढं उभी असलेली मावशी म्हणाली. ती अख्ख्या गावाची मावशी आणि एका म्हशीची मालकीण. "अरे, दुधात पाणी घालणारे पुष्कळ बघितले. पण पाण्यात दूध घालायलासुद्धा जिवावर आलंय याच्या!"

रांग हसली. हसला नाही तो एकटा पत्रेवाला. खिडकीच्या बाजूला, खांबाला टेकून, तो घामानं निथळत उभा होता.

घरांवर, गोठ्यांवर पत्रे ठोकणं हा त्याचा धंदा. दीड वर्षापूर्वी एका गोदामाच्या छपरावरून तो खाली आला आणि कंबरेत दोन स्क्रू घेऊन घरी गेला. दुखू नये म्हणून गोळ्या मिळाल्या. दुखणं चार महिन्यांत गेलं. गोळ्या राहिल्या आणि एकट्या पडू नयेत म्हणून आणखी गोळ्या येत गेल्या. एक चुकली की नाक गळायचं, पोटात पिळे पडायचे, अंगभर मुंग्यांची मिरवणूक निघायची. शेवटी बायकोनं शहरातल्या दवाखान्याचा नंबर काढला. शहर दोन बस आणि एक आख्खा दिवस लांब. पण तिथल्या डॉक्टरबाई व्हिडिओवर तपासतात, जिभेखाली ठेवायचं औषध लिहून देतात, आणि त्यानं ही मिरवणूक थांबते, असं कळलं. गावात मध्येच न तुटणारं इंटरनेट एकाच ठिकाणी होतं: डेअरीत, पशुखाद्याच्या पोत्यांच्या खोलीत. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी आठ ते आठ वीस पत्रेवाला त्या पोत्यांत जाऊन बसायचा. गावाला सांगितलं होतं, पत्र्याच्या कंपनीचं ट्रेनिंग चालू आहे. पत्रा ठोकायला चार महिने काय शिकवतात, असं गावानं विचारलं नाही, हा गावाचा मोठेपणा.

दोन गुरुवार मात्र बुडाले होते. एका गुरुवारी वीज नव्हती. दुसऱ्या गुरुवारी वीज होती, पण पत्रेवाला जुन्या गोळ्या खाऊन भावाच्या गोठ्यात आडवा होता. त्यावर डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं होतं, "तिसरा बुडाला तर व्हिडिओ बंद. रोज इथं येऊन औषध घ्यायचं." रोज शहरात जायचं तर पत्रे कोण ठोकणार? आज तर त्यांना लघवीची तपासणी समोर करून हवी होती. औषधाची शेवटची गोळी त्यानं पहाटेच घेतली होती, आणि जुन्या गोळ्यांना हात न लावल्याचा आज एक्केचाळिसावा दिवस होता.

"बाटली स्वच्छ हवी, झाकणाची हवी," बाई म्हणाल्या होत्या. गावात सगळ्यात स्वच्छ बाटली डेअरीची, उकळत्या पाण्यातून काढलेली. त्यानं प्रामाणिकपणे तीच वापरली. खोलीची किल्ली बायकोकडं दिली, किल्लीच्या वहीत सही करायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बाटली खिडकीत ठेवली, आणि सही पुरी व्हायच्या आत नळी बुडाली होती.

"माझं आहे," तो म्हणाला.

"तुझ्याकडं गाय कधी आली?" फॅटमास्तरनं भोंग्यातच विचारलं.

"गाईचं नाही."

"मग म्हशीचं?"

"म्हशीचं पण नाही."

"शेळी पाळली काय रे?"

"मास्तर, माझं आहे हो! माझं स्वतःचं!"

फॅटमास्तरनं अकरा वर्षांत पहिल्यांदा बाटली उजेडात धरली. तळाशी चार पिवळे थेंब होते. बाकीचं नियमाप्रमाणे बादलीत गेलं होतं. त्यानं भोंगा बंद केला, पण उशिरा. "अरे देवा" गावभर गेलं.

तेवढ्यात पोत्यांच्या खोलीतून पत्रेवाल्याची बायको बाहेर आली. "अहो, बाई लागल्यात. बाटली कुठाय?"

सगळ्या रांगेनं मशीनकडं बोट दाखवलं.

ती बघतच राहिली. पत्रेवाल्यानं खांब सोडला. आता झाकायला काही उरलं नव्हतं; जे होतं ते बादलीत होतं. "ट्रेनिंग-बिनिंग काही नाही," तो रांगेकडं तोंड करून म्हणाला. "मला दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागलीय. आत डॉक्टरबाई आहेत. आता परत बाटली भरली नाही तर माझं औषध बंद होईल. आणि मला... आत्ता येत नाहीये."

मावशीनं हातातली किटली खाली ठेवली.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "आम्हांला वाटलं होतं तू कुणाच्या तरी प्रेमात पडलास. बसल्या जागी डोळे मिटून हसायचास, हाक मारली तर ओ नाही. मी तर तुझ्या बायकोला वर्षभर बिचारी म्हणतेय."

"बिचारी तर मी तशीही होतेच," बायको म्हणाली.

"वेळ किती आहे?" फॅटमास्तरनं विचारलं.

"तेरा मिनिटं."

मग डेअरीत जे झालं ते गावातली आग विझवतानाही झालं नव्हतं. तांब्या, ग्लास, किटलीचं झाकण, हाताला लागेल त्यातून पाणी आलं. पत्रेवाला प्यायला. पुन्हा प्यायला. "आणखी ओता," मागून सल्ला आला. "अरे, माणूस आहे, टाकी नाही," पुढून उत्तर गेलं. त्याला डेअरीमागच्या मोरीत नेण्यात आलं. सोबत कोणी जायचं यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तो एकटा आत आणि रांग दाराबाहेर.

"आलं का?"

"तुम्ही गप्प बसलात तर येईल!"

गाव गप्प बसलं. गप्प बसलेलं गाव त्याला जास्तच ऐकू यायला लागलं. मग मावशी पुढं झाली, दाराशी उकिडवी बसली आणि तिनं म्हशीला पान्हवताना घालते ती शीळ घातली, हळू, लांब, खाली उतरणारी. आतून पत्रेवाला ओरडला, "मावशी, मी म्हैस नाही!" आणि त्या ओरडण्याबरोबरच धार लागली. बाहेर असा जल्लोष झाला की रस्त्यावरचं कुत्रं पळालं.

आठ चौदाला भरलेली बाटली पोत्यांच्या खोलीत पोचली. पडद्यावर डॉक्टरबाई पेन हातात धरून बसल्या होत्या. "मागं ही माणसं कोण आहेत?"

"घरचेच," फॅटमास्तर म्हणाला.

"पस्तीस जण?"

"मोठं घर आहे."

"सगळे बाहेर. दार लावा." बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा कॅमेरा उगाच जरा हलला.

दार लागलं. खोलीत नवरा, बायको आणि दवाखान्यानं पाठवलेली तपासणीची पट्टी. पट्टी बाटलीत बुडाली. बाईंनी आधीच समजावलं होतं: जुन्या गोळ्या अंगात नसतील तर दोन रेघा, असतील तर एकच. पाच मिनिटं थांबायचं. पहिली रेघ लगेच आली, ठसठशीत. दुसरीच्या जागी पांढरं.

दोन मिनिटं. पांढरं.

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. ती नजर त्याला ठाऊक होती. गेले चार महिने ती रोज रात्री त्याचे खिसे उलटे करताना तो ती बघत होता. "नाही घेतली गं," तो म्हणाला. "खरंच नाही." पूर्वीही तो असंच म्हणायचा.

चौथ्या मिनिटाला पांढऱ्यात एक पुसट छटा उगवली. बायकोनं पट्टी कॅमेऱ्यापुढं धरली.

"बाई, ही पुसट आहे."

"पुसट चालते. रेघ म्हणजे रेघ. अभिनंदन."

दाराला कान लावून बसलेल्या मावशीला एवढंच हवं होतं. "दोन रेघा आल्या!" ती रांगेकडं वळून ओरडली. रांगेतल्या बायकांना दोन रेघांचा एकच अर्थ माहीत होता. "कुणाला? पत्रेवाल्याला?" आणि नंतर जे हसू उसळलं ते बंद दारातूनही आत आलं. बायको पट्टीकडं बघत होती, ती आधी गालात हसली, मग पोट धरून हसली, मग पशुखाद्याच्या पोत्यावर बसून तिनं पदर डोळ्यांना लावला आणि त्यातही हसत राहिली. पत्रेवाला तिच्यासमोर बावळटासारखा उभा होता. त्यानं तिला दीड वर्षात असं हसताना पाहिलं नव्हतं.

डेअरीच्या छोट्या प्रिंटरातून औषधाची चिठ्ठी बाहेर आली. औषधाचं दुकान तीन कोस लांब, बाजाराच्या गावात. गेले चार महिने ती स्वतःच जायची, गोळ्या आणायची आणि कुलपात ठेवायची. आज तिनं चिठ्ठी प्रिंटरातून तोडून त्याच्यापुढं धरली.

"जा. तुम्हीच आणा."

"मी? एकटा?"

"मग? रेघा कुणाच्या आल्या, माझ्या?"

त्यानं चिठ्ठी घेतली, दोनदा घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला. दार उघडलं. गाव दोन बाजूंना सरकलं. तो मधून चालत गेला, कंबर जरा वाकडी, मान ताठ, आणि रस्त्याला लागताच एखाद्या पोरासारखा पळत सुटला.

बायको दारातून बघत राहिली. वळणावर तो दिसेनासा झाला तरी.

"येईल ना गं परत?" मावशीनं हळूच विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि किल्लीच्या वहीत नवऱ्याची अर्धी राहिलेली सही तिनं आपल्या अक्षरात पुरी केली.