गुन्वोरच्या केकचा शेवटचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी थाळी आहे. मातीची, आतून पांढरी, बाहेरून निळी आणि एका बाजूला टवका उडालेली. घरात फोटो काढायचा असला की ती बाजू भिंतीकडे करतात. मी राहते स्वीडनच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या एका खेड्यात. माझ्यात केक भाजतात आणि माझ्यातूनच तो वाढतात. म्हणजे भट्टीचे चटकेही मीच सोसायचे आणि सुरीचे ओरखडेही मीच.

माझा जन्म नदीकाठच्या एका अबोल कुंभाराच्या चाकावर झाला. मला भट्टीतून काढल्यावर त्याने उलटसुलट करून पाहिले आणि तो म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. पुढे आयुष्यभर माझे जे काही कौतुक झाले, ते याच दोन शब्दांत झाले आणि मी त्यावर सुखाने दिवस काढले.

गुन्वोरच्या लग्नात मी आहेरात आले. तिच्या मावशीला वाटले होते, केकची थाळी दुसऱ्या कोणाला सुचणार नाही. पण सगळ्याच मावश्यांना तसेच वाटले होते. बाकीच्या थाळ्या गावातल्या पुढच्या लग्नांत वाटेला लागल्या. मी राहिले, कारण माझा टवका तेव्हाच उडाला होता.

गुन्वोर शाळेत गणित शिकवायची, पण केकला कधी माप लावायची नाही. फळे माझ्यात पसरायची, थंड लोणी, साखर आणि ओट बोटांनी चुरडून तो चुरा वर पेरायची, की चालले आम्ही भट्टीत. जूनमध्ये रूबार्बचे लाल देठ. इतके आंबट, की साखरेचा डबा दुरूनच थरथरायचा. जुलैच्या अखेरीस जंगलातल्या ब्लूबेरी. त्या खाल्ल्या की गावभर सगळ्यांचे दात जांभळे, त्यामुळे कोणी हसायचे नाही. तसे एरवीही कोणी हसायचे नाही, पण त्या दिवसांत निदान कारण असायचे. मग सप्टेंबरात सफरचंदे.

गुन्वोरचा नवरा वारला आणि काही वर्षे भट्टी थंडच राहिली. त्यातच तिची धाकटी बहीण मायलिस सिलिकॉनचा लवलवता साचा घेऊन आली. "हा फुटत नाही, गुन्वोर. ते जुनं खापर टाक आता." माझी रवानगी पडवीत झाली, कांदे ठेवायला. मित्रांनो, कांद्यांबद्दल मला वाईट बोलायचे नाही, पण त्यांच्या सहवासात माणूस उगाच हळवा होतो. सुदैवाने तो साचा खरोखरच फुटत नव्हता. तो नुसता वाकत होता. मायलिसने ब्लूबेरींनी भरलेला साचा एका हाताने उचलला आणि सगळा केक तिच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या पँटवर आला. त्याच दिवशी मला धुऊन पुसून पुन्हा कपाटात मानाची जागा मिळाली.

आणि मग दर गुरुवारी एव्हर्ट येऊ लागला. एव्हर्ट म्हणजे कुंपणापलीकडचा विधुर. लाकडाच्या गिरणीत जन्म गेलेला, हात फावड्यासारखे. त्याच्या अंगणात ऊन जास्त, म्हणून फळे त्याची आणि केक गुन्वोरचा. तो अंगण ओलांडून येताना गुन्वोरला खिडकीतून दिसायचा, दारही उघडेच असायचे, तरी तो टकटक करायचा आणि ती "कोण?" म्हणून विचारायची.

आमच्याकडे राजा सोडला तर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. त्यामुळे अंतर राखायचे काम केकच्या शेवटच्या तुकड्याला करावे लागते. तो कोणी घेत नाही. घेणारा हावरट ठरतो. अर्धा मात्र करता येतो.

"घे ना, एव्हर्ट."

"नको, तू घे."

"माझं झालं."

"मग अर्धाच घेतो."

उरलेला अर्धा पुन्हा माझ्यात. त्याचा पुन्हा अर्धा गुन्वोर घेई. मग त्याच्या अर्ध्याचा अर्धा एव्हर्ट. गणिताच्या बाईंना ठाऊक होते की हे कधीच संपणार नाही. मला वाटते, म्हणूनच त्या घाई करत नव्हत्या. प्रत्येक खेपेला सुरी माझ्या अंगावरून फिरायची. माझ्या पोटावर आज जी जाळी दिसते, ती या दोघांच्या सभ्यतेची आहे.

गेल्या सप्टेंबरात मायलिस धापा टाकत आली. "एव्हर्टनं घर विकलं! शनिवारी किल्ल्या देणार आणि चालला मुलीकडे, पार दक्षिणेला माल्म्योला. तुला बोलला?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"सांगायचं असेल तर सांगेल की."

"अगं, त्याची बायको गेली तेव्हासुद्धा तो तुला 'आज वारा आहे' एवढंच म्हणाला होता! मी सांगते, तू थांब म्हणालीस तर थांबेल तो."

"मी कोण थांब म्हणणारी?" म्हणून गुन्वोर सफरचंदे सोलू लागली. अशी सोलली, की सालीबरोबर अर्धी फळे गेली. दालचिनी तिने दोनदा घातली. त्या केकचे वजन मला नेहमीपेक्षा जास्त वाटले.

गुरुवारी एव्हर्ट आला. टकटक झाली, "कोण?" झाले. मायलिसला कोणी बोलावले नव्हते, म्हणून ती आधीच येऊन बसली होती.

"दालचिनी आहे," एव्हर्ट म्हणाला.

"जास्त झाली का?"

"वाईट नाही."

बराच वेळ तिघेही खात राहिले. मग एव्हर्ट खिडकीकडे पाहत म्हणाला, "नव्या लोकांना सांगून ठेवलंय. सफरचंदं तुला देत जातील."

"असं होय," गुन्वोर म्हणाली. "बरं."

"माल्म्योला हवा उबदार असते म्हणे."

"असते म्हणतात."

आता माझ्यात एकच तुकडा उरला. सुरू झाले. अर्धा. पाव. त्याचा अर्धा. सुरी माझ्यावर कर्रकर्र वाजत होती आणि मला ओरडायचे होते, की अहो, बोला काहीतरी! पण थाळीला तोंड नसते, आणि त्या दोघांना असून उपयोग नव्हता. शेवटी नखाएवढा तुकडा राहिला. एव्हर्टने तोही अर्धा करायला सुरी उचलली.

"पुरे!" मायलिस कडाडली. "मीच खाते आता. मला कोणाची लाज नाही." तिने हात घातला.

गुन्वोरने फाडकन तिच्या हातावर मारले. "ठेव तो! एव्हर्टचा आहे."

"माझा कसा?" एव्हर्ट गोंधळला. "पाहुण्यानं शेवटचा घ्यायचा नसतो."

"पाहुण्यानं नाही घ्यायचा." गुन्वोरचे कान सफरचंदासारखे लाल झाले होते. "घरच्या माणसानं घ्यायचा. राहणार असशील तर घे."

मग एव्हर्टने दोन जाड बोटांनी तो तुकडा अलगद उचलला आणि तोंडात टाकला.

इथे एक घोटाळा झाला. आमच्या उत्तरेत 'हो' म्हणायला शब्द खर्च करत नाहीत. ओठांचा चंबू करून हवा झर्रकन आत ओढतात, की झाला होकार. एव्हर्टने अगदी मनापासून होकार दिला आणि तुकडा होकारासकट श्वासनलिकेत गेला. तो निळा पडला. मायलिस त्याच्या पाठीत गुद्दे घालत ओरडत होती, "हो म्हणालास की मेलास, ते तरी सांग!"

तुकडा बाहेर आला. एव्हर्टने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा होकार शब्दांत दिला. "हो म्हणालो."

शनिवारी त्याने किल्ल्या दिल्या. सामान माल्म्योऐवजी कुंपण ओलांडून आले. त्याच्यापुढे तो स्वतः होता, कुशीत मुळासकट उपटलेले रूबार्ब. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, घर बदललंस ते शेजारी जाण्यासाठी?" एव्हर्टने फोनवरही हवा आत ओढली. तिला ते ऐकू गेले नाही. अजून ती उत्तराची वाट पाहते आहे.

आता तो टकटक न करता येतो, आणि शेवटचा तुकडा कोणाला न विचारता उचलतो. गुन्वोर त्याला हावरट म्हणते.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. गरम थाळीवर गार पाणी ओतू नका, तारेच्या घासणीने आम्हाला खरवडू नका, आमच्यात कांदे ठेवू नका. आणि कोणाला 'थांब' म्हणायचे असेल, तर केक अख्खा असतानाच म्हणा. तुम्ही उशीर करता, आणि चरे आमच्या पोटावर पडतात.