वधूच्या पाठीवरचा मजकूर

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात मला काचेच्या पेटीत ठेवलं आहे आणि खाली लिहिलं आहे, 'संपादक लूशियस पेटवे यांची कात्री'. लोक थांबून कौतुकाने बघतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आधी मी एका शिंप्याकडे होते. त्याने दुकान मोडलं आणि अलाबामातल्या टॅलबट क्रीक गावी लूशियसने मला घेतलं. 'लॅम्प' हे आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीचं साप्ताहिक तो एकहाती चालवायचा. मी बातम्या कापायची, तो खळ लावून पानावर चिकटवायचा. मला वाचता येत नाही, पण कामाचा मोठा अभिमान होता.

लूशियसची एक खोड होती. गावातल्या लग्नांचे फोटो एका पानावर आणि त्याच्या बरोब्बर मागे, दुसऱ्या बाजूला, त्याचा सगळ्यात तिखट लेख.

ओटिस न्हावी त्याला चिडवायचा, "काय रे लूशियस, नवरीच्या पाठीमागे लपतोस होय?"

"लपतोय कुठला? तिच्या पाठीवर बसून घराघरात शिरतोय. लग्नाचा फोटो कुणी चुलीत घालत नाही, बाबा. बायबलमध्ये जपून ठेवतात."

एका वसंतात आमचे शिक्षक मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टाच्या कचेरीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना पायऱ्यांवरूनच हाकललं. त्याच रात्री 'लॅम्प'च्या काचा फुटल्या. लूशियसने फळ्या ठोकल्या आणि लिहायला बसला. तो लेख व्हेल्मा आणि क्लिफ्टनच्या लग्नाच्या फोटोमागे छापला गेला.

पुढे काही वर्षांनी लूशियस वारला. 'लॅम्प'चे सगळे अंक बांधून त्याची मुलगी आर्डेला हिने बैठकीत ठेवले. तेवढाच एक पूर्ण संच उरला होता. कुणाकडे मयत झाली की माणसं तिच्या दारात यायची. अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापायला गेलेल्याचा तरुणपणीचा फोटो हवा असायचा, आणि तो फक्त 'लॅम्प'मध्ये असायचा. रडणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आर्डेला मला खणातून काढायची. मी कराकरा चालायची आणि प्रत्येक जण तिला दुवा देऊन जायचा.

मग गावाच्या इतिहासाचं एक पुस्तक निघालं. त्यात छापलं होतं की त्या वसंतात पेटवे घाबरला आणि गप्प बसला. आर्डेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सगळे खंड घेऊन ग्रंथालयात आली. ग्रंथपालबाईंनी त्या आठवड्याचं पान उघडलं, तर पानाला खिडकीएवढं भोक.

आर्डेला खाली बसली. "माझ्याच हाताने कापलं मी."

रविवारी चर्चमध्ये ती उभी राहिली. "ज्यांच्याकडे 'लॅम्प'ची कात्रणं असतील त्यांनी आणा. फोटो तुमचा, मागचं माझ्या बाबांचं." बायबलं उघडली, कपाटं उपसली. पिशव्या भरभरून कात्रणं आली. बऱ्याच पानांची भोकं बुजली. पण ते एक कात्रण काही आलं नाही.

शेवटी त्या फोटोतली नवरी, व्हेल्माबाई, काठी टेकत आल्या.

"आर्डेला, पोरी, माझी वाट बघू नकोस. क्लिफ्टन गेला तेव्हा तू कापून दिलेला आमचा फोटो मी शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात घातला. म्हटलं, याहून जपून कुठे राहील?"

"मागे काय लिहिलं होतं, आठवतंय का काही?"

"लाज वाटते गं सांगायला. पुरेपर्यंत तो माझ्या हातातच होता. मी माझाच चेहरा बघत बसले. एकदाही उलटला नाही."

आर्डेलाने त्यांचा हात हातात घेतला. यात कुणालाच बोल लावता येत नव्हता. लूशियसचा डाव फसला नव्हता, मित्रांनो. लोकांनी नवरीला खरंच जिवापाड जपलं होतं.

आता तो खंड माझ्या शेजारीच उघडा ठेवला आहे. त्या भोकातून खालचं पान दिसतं. गावाच्या पुस्तकात लूशियस अजून घाबरटच आहे. त्याने लिहिलं होतं हे मी पाहिलं आहे, पण माझी साक्ष कोण घेणार? तेवढ्यासाठी एक मागणं आहे. जुना कागद हाती आला तर कात्री उचलण्याआधी तो एकदा उलटून बघा.